मोशीत मी पहिला पीस झाले

निवृत्त झाल्यावर लोक काशीला जातात, केरळला जातात, ज्यांची मुलं तिकडे आहेत ते अमेरिकेला जातात. मी मोशीला गेले. दापोलीत हे जाहीर केलं तेव्हा शेजारच्या वहिनींनी पहिला प्रश्न विचारला, "कोण आजारी आहे?" कुणी आजारी नव्हतं. मला पिंपरी-चिंचवड बघायचं होतं.

कारण सरळ आहे. बत्तीस वर्षं मी शाळेत भूगोल शिकवला. बत्तीस वर्षं फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढून पुण्याच्या जरा वर खडूचा ठिपका दिला आणि म्हटलं, "पिंपरी-चिंचवड, चाकण. औद्योगिक पट्टा. लिहून घ्या." मुलांनी लिहून घेतलं, परीक्षेत तेच उतरवलं, मी गुण दिले. पण तो पट्टा दिसतो कसा, त्याला वास कसला येतो, तिथली माणसं सकाळी खातात काय, असं कुणी विचारलं असतं तर माझी बोबडी वळली असती. एकाही कार्ट्याने विचारलं नाही म्हणून निभावलं.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यामुळे घडलं. मी शाळेत कधीच कुणाला पैकीच्या पैकी गुण दिले नाहीत. उत्तर कितीही बिनचूक असो, अर्धा गुण कापायचाच. पूर्ण गुण दिले की मूल तिथेच थांबतं, असं माझं मत. मुलांचं मत वेगळं होतं, पण त्यांना कोण विचारतंय.

शुक्रवार, भोसरी ते मोशी

एसटीच्या प्रवासाबद्दल सांगण्यासारखं काही नाही, मी झोपले होते. भोसरीत उतरले आणि पहिल्याच श्वासात माझ्या बत्तीस वर्षांतला एक प्रश्न सुटला. औद्योगिक पट्ट्याला मशीनच्या तेलाचा आणि वडे तळल्याचा मिळून वास येतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना अर्धी शटरं वर केलेले वर्कशॉप, आत लोखंड कापल्याचा किरर्र आवाज, दारात लोखंडाच्या किसाचे चमकणारे ढीग, आणि त्या ढिगाशेजारी खुर्ची टाकून निवांत पेपर वाचणारे एक आजोबा. पहिली शिफ्ट नुकतीच सुटली होती. गळ्यात ओळखपत्र, पाठीला डब्याची पिशवी, अशी माणसं शेअर रिक्षात कोंबली जात होती. मलाही कोंबलं. बॅग मांडीवर आणि एका अनोळखी गृहस्थांचं हेल्मेट बॅगेवर, अशी मी मोशीला पोचले.

राहायची सोय फोनवर ठरली होती. 'सुमन निवास, मुक्काम आणि नाश्ता.' फोन बाईंनी उचलला होता आणि मी पुरतं बोलायच्या आत त्या म्हणाल्या होत्या, "या की! कवा येताय?"

घर दुमजली, अंगणात तुळस, कढीपत्ता, एक पपई. इथवर सगळं आमच्या दापोलीसारखं. पण फाटकातून आत पाऊल टाकते तोच आवाज आला, "मॅडम, पिवळ्या रेषेच्या आतून चला."

खाली बघते तर खरंच अंगणभर पिवळ्या रंगाच्या दोन रेषा मारलेल्या, फाटकापासून थेट दारापर्यंत. रेषांच्या टोकाला भिसे उभे होते. घराचे मालक. उंच, सडपातळ, खिशाला दोन पेनं, चष्मा गळ्यात दोरीने अडकवलेला. चौतीस वर्षं एका कंपनीत क्वालिटी इन्स्पेक्टर होते, दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. म्हणजे कागदोपत्री झाले.

"चपला इथे," ते म्हणाले. ओट्यावर चपलांच्या आकाराची चित्रं रंगवलेली होती. मी चपला त्या आकारात ठेवल्या. भिसे वाकून बघत राहिले. "आकार मोठा पडतोय," असं पुटपुटून त्यांनी वहीत नोंद केली.

आमच्याकडे पाहुणा आला की आधी पाणी आणि गूळ, मग "कुणाकडचे तुम्ही?" इथे आधी फॉर्म. आणलेल्या वस्तू लिहा म्हणाले. मी सुमनताईंसाठी आमसुलं आणि फणसपोळी नेली होती. ती भिशांनी 'आवक माल' म्हणून लिहून घेतली, फणसपोळीचा वास घेतला, आणि तारीख विचारली. कोणती तारीख? बनवल्याची! अहो, फणसपोळी माझ्या जावेने केलीय, तिला स्वतःची जन्मतारीख आठवत नाही.

खोली मात्र लख्ख होती. चादर अशी ताणलेली की बसायला संकोच वाटावा. दाराबाहेर पिवळं कार्ड टांगलेलं, त्यावर लिहिलेलं 'तपासणी चालू.'

"खोलीची तपासणी बाकी आहे का?" मी विचारलं.

"खोलीची झाली. आता तुमची चालू आहे," भिसे म्हणाले. माझा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "म्हणजे तुमच्या मुक्कामाची. मॅडम, मशीन सुरू केलं की पहिला पीस निघतो. तो तपासायचा. तो ओके झाला तरच पुढचं प्रॉडक्शन. तुम्ही आमच्या पहिल्या पाहुण्या. तुम्ही पहिला पीस."

एकोणसाठ वर्षांच्या बाईला कुणी पीस म्हटलं तर राग यायला हवा. पण ते इतक्या गंभीरपणे म्हणाले की मी "बरं" म्हणून मोकळी झाले.

खरी हकिकत स्वयंपाकघरात कळली. सुमनताई भाकऱ्या थापत होत्या. भिंतीवर झारा, पळी, चिमटा, लाटणं, प्रत्येकाची बाह्यरेषा रंगवलेली आणि ती ती वस्तू त्या त्या रेषेत टांगलेली. सुमनताई मूळच्या भोसरी गावातल्या. पूर्वी खालच्या खोल्यांत भाड्याने कंपनीतली मुलं राहायची, आणि दर एकाच्या ताटात यांची भाजी असायची.

"पोरं गेली, लग्नं झाली, फ्लॅट घेतलं," त्या म्हणाल्या. "मग मीच म्हणलं, आपण पाहुणं ठिऊ. दीड वरीस झालं बाई! खोल्या तयार हायत, फोन येत्यात, आन हे म्हणत्यात अजून तयारी न्हाई. अकरा जणांना न्हाई म्हणालेत. तुमचा फोन आला तवा हे दाढी करत व्हते, म्हणून जमलं."

"मग आता सुरू झालंच की."

"कुठलं! आदित्य, आमचा ल्योक, क्यानडात हाय. रविवारी बारा वाजता फोन करणार, तोंड दिसतंय तसला. त्यानं सांगून ठिवलंय, घरात पाहुणं दिसलं तर ठीक, न्हाईतर घर इकायला काढतो आन तुमी दोघं हिकडं या." भाकरी तव्यावर टाकून त्या माझ्याकडे वळल्या. "मी तिथं जाऊन काय करू वो? कुणाला खायला घालू?"

माझा मुक्काम रविवार सकाळपर्यंत होता. म्हणजे बारा वाजता घरात दुसरा पाहुणा हवा होता, आणि दुसरा पाहुणा आत यायला पहिला पीस पास व्हायला हवा होता. तेवढ्यात मागे भिसे हातात घड्याळ घेऊन उभे राहिले आणि म्हणाले, "सुमन, भाकरी पन्नास सेकंद उशिरा आहे."

शनिवार, चाकण

चाकणला मी ठिपका बघायला गेले. ठिपका फार मोठा निघाला.

एका बाजूला कांद्याच्या गोण्या भरलेले ट्रक, दुसऱ्या बाजूला नव्या कोऱ्या मोटारी पाठीवर घेतलेले लांबलचक ट्रेलर, दोघांची एकाच चौकात गाठ पडलेली आणि दोघेही हटायला तयार नाहीत. कांद्याचा वास मोटारींना, धूळ दोघांना. एक म्हातारी मधोमध टोपली घेऊन आरामात रस्ता ओलांडत होती आणि अख्खा औद्योगिक पट्टा तिच्यासाठी थांबला होता. पुस्तकात यातलं काही नव्हतं.

टपरीवर भजी खात उभी होते तर पाठीमागून हाक आली, "बाई! तुम्ही इथे?"

चांगला भरदार मिशांचा माणूस. कंपनीचा निळा शर्ट. "संदेश. दहावी ब," म्हणत त्याने भर रस्त्यात पाया पडायला वाकून मला संकोचात टाकलं. मला कोण आनंद झाला! दापोलीचं पोर चाकणला सुपरवायझर झालेलं. त्याने चहा सांगितला, बायकोमुलांचे फोटो दाखवले, आणि मग हसत हसत म्हणाला, "बाई, तुम्ही भूगोलात माझा अर्धा गुण कापला होता. आठवतं? त्या अर्ध्या गुणाने माझा पहिला नंबर गेला. आई अजून बोलते."

"काय चुकलं होतं रे तुझं?"

"काहीच नाही. मी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, 'चुकलं नाही, पण सुधारायला जागा हवी.'"

तो हसत होता, मला मात्र हसू येईना. विषय बदलावा म्हणून मी त्याला भिशांचा पहिला पीस सांगितला. संदेशला त्यात काहीच नवल वाटलं नाही. "बरोबरच आहे," तो म्हणाला. "पहिला पीस पास झाल्याशिवाय लाइन सुरू होत नाही. आणि बाई, आमच्याकडे अर्धा-बिर्धा काही नसतं. ओके, नाहीतर नॉट ओके."

हे वाक्य मी तेव्हाच नीट कान देऊन ऐकायला हवं होतं. मी भज्यांकडे लक्ष दिलं.

संध्याकाळी परत आले तर सुमन निवासच्या ओट्यावर एक गृहस्थ बसलेले. गुळवे, कोल्हापूरचे, कारखान्यांना वंगणाचं तेल विकणारे. शेजारी सूटकेस. त्यांच्या भोवती जमिनीवर पिवळा चौकोन रंगवलेला होता आणि ते निमूटपणे चौकोनाच्या आत बसले होते.

"हे काय?" मी विचारलं.

"मला होल्डवर ठेवलंय म्हणं," गुळवे म्हणाले. "आत खोली रिकामी हाय, मी इथं हाय. तुमी पास झालात की मला आत घेणार. काय राव, लवकर पास व्हा की."

सुमनताईंनी त्यांना या वेळीही दाढीच्या मुहूर्तावरच बोलावलं होतं. पण या खेपेला भिशांनी दाढी लवकर उरकली. पहिला पीस तपासणीत असताना दुसरा लाइनवर घेता येत नाही, असं त्यांनी गुळव्यांना नियम दाखवून सांगितलं. गुळवे रात्री चौकोनातच खाटेवर झोपले. सुमनताईंनी खिडकीतून थालीपीठ आणि लोण्याचा गोळा दिला, भिशांनी विचारलं तर म्हणाल्या, "नमुना हाय." नमुन्याला भिशांची हरकत नव्हती. गुळव्यांनी पाच नमुने खाल्ले.

रविवार, मोशी

सकाळी नाश्त्याला शिरा, पोहे, आणि आलं घातलेला चहा. शिरा असा की मी बोलायचं थांबले, आणि मला ओळखणारी माणसं सांगतील की हे सोपं नाही. चहा तर काय सांगू! रंग, आलं, साखर, सगळं जिथल्या तिथे. सुमनताई दाराआडून बघत होत्या. पदर बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

भिशांनी फॉर्म समोर ठेवला. स्वच्छता, पाणी, चादर, वागणूक, शेवटी नाश्ता. दहापैकी गुण द्या. आणि माझ्या हाताने, देवाशपथ सांगते, माझ्या हाताने, मला न विचारता, नाश्त्यापुढे साडेनऊ लिहिले.

"साडेनऊ," भिसे म्हणाले. आवाज बदलला होता. "कारण?"

कारण नव्हतं. सुधारायला जागा हवी, हे काय कारण झालं? पण कारणाचा रकाना रिकामा ठेवता येत नाही म्हणाले. मी घाबरून सुचेल ते लिहिलं: 'चहा किंचित गोड.'

भिशांनी फॉर्म उचलला, खिशातून लाल कार्ड काढलं आणि चहाच्या कपाच्या कानाला बांधलं. "नॉट ओके. प्रॉडक्शन बंद."

ओट्यावरून गुळव्यांचा आवाज आला, "आरं देवा!" साडेदहा वाजले होते.

"अहो, अर्धाच गुण तर आहे," मी म्हटलं.

"अर्धा गुण म्हणजे काय ते मला माहीत नाही, मॅडम. चूक असते, नाहीतर नसते. आता मूळ कारण सापडल्याशिवाय पुढे जाता येणार नाही." त्यांनी जुन्या कॅलेंडरची पाठ भिंतीला लावली आणि त्यावर माशाचा सांगाडा काढला. मासा म्हटल्यावर मी कोकणी माणसाच्या आशेने मान वर केली, पण तो कारणं लिहायचा मासा होता. "पाच वेळा 'का' विचारायचं. पाचव्या 'का'ला मूळ सापडतं. सुमन, बाहेर ये. चहा गोड का झाला?"

या बाईचं घर जायची वेळ आली होती ती माझ्या एका सवयीपायी. मी तोंड उघडलं, "भिसेसाहेब, खरं सांगायचं तर तो चहा..."

सुमनताईंनी माझ्यापुढे शिऱ्याची वाटी आदळली. "तुमी शिरा खावा, बाई." आणि नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "साखर दोनदा पडली असंल."

"दोनदा का पडली?" भिसे लिहीत होते.

"ध्यान न्हवतं."

"ध्यान का नव्हतं?"

"मागं कुनीतरी घड्याळ घिऊन उभं व्हतं."

भिशांचं पेन थांबलं. ओट्यावरून गुळवे ओरडले, "कोण उभं होतं? नाव लिवा, नाव!" चौकोनात उभे राहून ते खिडकीतून सगळं बघत होते.

भिशांनी चष्मा पुसला. पण माणूस प्रामाणिक. चौथा 'का' त्यांनी स्वतःलाच विचारला. "का उभा होता? पहिला पीस होता म्हणून." मग पाचवा. "पहिल्या पिसाला इतकं का घाबरला?"

या 'का'चं उत्तरही त्यांनीच दिलं, माशाकडे बघत. "चौतीस वर्षं मी दुसऱ्यांनी बनवलेलं तपासलं. रिजेक्ट केलं. पोरं रात्रभर मशीनवर राबायची आणि मी सकाळी जाऊन लाल कार्ड बांधायचो. स्वतः मी कधी काही बनवलं नाही. साधा चहा येत नाही मला. आता पहिल्यांदा आपलं काहीतरी तपासायला लोक येणार. दीड वर्ष मला झोप नाही, मॅडम."

अकरा जणांना नकार का गेला ते मला तेव्हा समजलं. आणि बत्तीस वर्षं लाल पेन चालवणाऱ्या बाईला ते जरा जास्तच समजलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते लपवायला मी शिरा खाल्ला.

भिशांनी माशाच्या डोक्यात मूळ कारण लिहिलं: 'भिसे.' त्याखाली उपाय: 'भिसे यांनी स्वयंपाकघरात येऊ नये.'

सुमनताई वाचत होत्या. "किती दिवस?"

"उपाय कायमस्वरूपी असतो, सुमन."

"मग तसं लिवा," त्या म्हणाल्या. "आन सही करा."

भिशांनी सही केली, तारीख घातली, स्वयंपाकघराच्या दारात गुडघ्यावर बसून खडूची तात्पुरती रेषा मारली, आणि स्वतः रेषेपलीकडे, ओट्यावर, गुळव्यांच्या चौकोनात जाऊन उभे राहिले. चौकोन एका माणसाचा, त्यात रात्रीची खाट, दोघांना दाटीवाटी झाली. आता चहा पुन्हा करायचा आणि मी पुन्हा गुण द्यायचे. बाराला वीस मिनिटं होती.

आतून भांड्यांचा आवाज आला. मग गाणं गुणगुणल्याचा आवाज. भिशांनी चमकून गुळव्यांकडे बघितलं. "ही गाते?"

चहा आला. मी घोट घेतला.

अहो, पाक! निव्वळ पाक! चमचा उभा राहिला असता. माझ्या दाढेतून कळ थेट कानात गेली. समोर सुमनताई, खिडकीत भिसे, त्यांच्या खांद्यावरून गुळवे, आणि घड्याळात बाराला दहा. मी अख्खा कप संपवला, पेन उचललं आणि लिहिलं, दहापैकी दहा.

"ओके!" भिसे असे ओरडले की पपईवरचा कावळा उडाला. हिरवं कार्ड निघालं. गुळवे सूटकेस डोक्यावर घेऊन आत धावले आणि बारा वाजता आदित्यचा फोन आला तेव्हा पंख्याखाली बसून पोहे खात होते. "लई झकास घर हाय तुमचं," त्यांनी क्यानडाला सांगितलं, "जरा होल्डवर ठेवत्यात एवढंच." आदित्यला काही कळलं नाही, पण तो हसला. म्हणाला, "बरं आई, या वर्षी राहू दे."

सुमनताई फाटकापर्यंत सोडायला आल्या. पिवळ्या रेषांच्या बाहेरून, तुळशीला चांगला वळसा घालून आल्या. मला राहवेना. म्हटलं, "सुमनताई, माझ्यावर रागवा. पहिला चहा गोड नव्हता. मी उगाच लिहिलं."

"ठाव हाय की. म्या चाखला व्हता."

"मग गप्प का बसलात? मी सांगत होते तर शिरा पुढे केलात!"

"बाई, चौतीस वर्सांत ह्यांना पहिल्यांदा सोताची चूक घावत व्हती," त्या म्हणाल्या. "मी कशाला मधी येऊ?" मग जरा ओशाळून हसल्या. "दुसऱ्यात मातुर साखर जरा जास्तच पडली, व्हय ना? आनंदात ध्यान न्हाई राहिलं."

"जरा," मी म्हटलं.

घरी आल्यावर मी संदेशला फोन करून त्याचा अर्धा गुण परत देऊ केला. तो म्हणाला, आता नको, पण आईला तेवढं स्वतः सांगा. सांगितलं. आणि हे सगळं इथे छापायला देताना एकच भीती वाटतेय, हे भिशांच्या हाती पडू नये. नाहीतर तपास पुन्हा उघडेल आणि त्यांना कळेल की आयुष्यात मी एकदाच पैकीच्या पैकी दिले, तेही चुकलेल्या चहाला.